एकशेवीस खाटा, एकशे अडतीस नोंदी: एका धर्मादाय रुग्णालयातील वॉर्ड व्यवस्थापनाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेले हे न्यासाचे रुग्णालय आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. आकड्यांची आपसातली जुळणी मात्र कायम ठेवली आहे, कारण सगळा घोळ त्या जुळणीतच होता.

नर्सिंग होम नोंदणीच्या प्रमाणपत्रावर १२० खाटा: पुरुष जनरल २४, स्त्री जनरल २४, सर्जरी व अस्थिरोग १६, प्रसूती १४, बालरोग १०, निमखासगी १२, खासगी ८, आयसीयू ८ आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) ४. रुग्णालय धर्मादाय असल्याने मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या, म्हणजे बारा आणि बारा. त्याशिवाय महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे रुग्ण, खासगी विम्याचे, रोखीचे, असे सगळे एकाच जनरल वॉर्डात शेजारी शेजारी.

सॉफ्टवेअर सात वर्षे जुने. नोंदणी, बिलिंग, फार्मसी, लॅब आणि डाएट सगळे एकाच प्रणालीत. वॉर्डचा भागही पहिल्या दिवसापासून होता, पण तो चालवत होते अ‍ॅडमिशन काउंटर आणि बिलिंग. वॉर्डातल्या सिस्टरांचा खरा आधार म्हणजे टेबलावरची लांब वही: खाट नंबर, नाव, डॉक्टर, आत, बाहेर. रोज सकाळी आठला मेट्रनच्या ऑफिसातून प्रत्येक वॉर्डाला फोन जाई आणि वहीतला आकडा फळ्यावर लिहिला जाई. सॉफ्टवेअरमधला बेड स्टेट (भरलेल्या-रिकाम्या खाटांचा तक्ता) कोणी उघडतही नसे.

## अडचण कशी दिसली

तक्रार आली ती लॅबकडून. एका रात्री पुरुष जनरलमधल्या १४ नंबरच्या रुग्णाला आयसीयूत हलवले. रिकाम्या झालेल्या खाटेवर तासाभरात कॅज्युअल्टीतून (तातडीच्या विभागातून) मूत्रपिंडाच्या आजाराचा दुसरा रुग्ण आला. सॉफ्टवेअरमध्ये १४ अजून जुन्या रुग्णाच्याच नावावर होती, कारण शिफ्टची, म्हणजे रुग्ण दुसऱ्या खाटेवर हलवल्याची, नोंद सकाळी बिलिंगवाले करणार होते. काउंटरवरच्या क्लार्कने वाट काढली आणि नवा रुग्ण ‘एक्स्ट्रा २’ या जादा खाटेवर दाखवला. एक्स्ट्रा २ सॉफ्टवेअरमध्ये सर्जरी वॉर्डाखाली येत होती. पहाटे या नव्या रुग्णाचे पोटॅशियम ६.४, म्हणजे धोकादायक इतके जास्त, आले. लॅबने नियमाप्रमाणे लगेच फोन लावला, तो सर्जरी वॉर्डात. तिथल्या सिस्टरने शोधले आणि असा पेशंट आमच्याकडे नाही म्हणून सांगितले. नाव, आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) आणि खरी खाट जुळेपर्यंत चाळीस मिनिटे गेली. रुग्णाला इजा झाली नाही, पण एवढ्या पोटॅशियमवर चाळीस मिनिटे ही थोडी गोष्ट नाही.

यानंतर एका सकाळी आठला मोजदाद केली. सॉफ्टवेअर म्हणत होते ११४ खाटा भरलेल्या. सिस्टरांची बेरीज आली ९७. फरक १७. पण नावानिशी यादी जुळवायला बसल्यावर निघाले ते असे: सॉफ्टवेअरमध्ये १९ नोंदी जादा होत्या आणि २ रुग्ण वॉर्डात असून सॉफ्टवेअरमध्ये नव्हतेच (रात्री उशिरा आलेले, आयपीडी नंबर व्हायचा होता). म्हणजे चूक २१ ठिकाणी आणि दिसत होती १७. नुसत्या बेरजा जुळवणाऱ्याला हे कधीच कळत नाही. जादाच्या दिशेने चुकलेले आणि उणेच्या दिशेने चुकलेले एकमेकांना झाकतात.

त्या १९ नोंदी कुठल्या, तर:

- ७ रुग्ण घरी गेले होते, पण अंतिम बिल न झाल्याने खाट त्यांच्याच नावावर
- ५ रुग्ण आयसीयूत होते आणि वॉर्डातली खाटही धरून होते
- ३ नवजात बाळे; आईच्या खाटेवर दुसरे नाव सॉफ्टवेअर घेत नसल्याने ‘एक्स्ट्रा’वर टाकलेली
- ३ आदल्या दिवशीचे डायलिसिसचे रुग्ण, कोणी बंद न केलेले
- १ रात्री न सांगता निघून गेलेला

दुसरी गोष्ट जास्त फसवी होती. सॉफ्टवेअरच्या मास्टरमध्ये (खाटांच्या मूळ यादीत) १२० नव्हे, १३८ खाटा होत्या. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारणांनी भरलेल्या: कॅज्युअल्टीतल्या निरीक्षणाच्या ४, डायलिसिसच्या ५, रिकव्हरीच्या ३, लेबर टेबल २ आणि एक्स्ट्रा ४. आता ११४ भागिले १३८ केले तर ८२.६ टक्के, खरे ९७ भागिले १२० केले तर ८०.८ टक्के. वर चूक, खाली चूक, आणि उत्तर जवळपास बरोबर. विश्वस्तांच्या मासिक अहवालात खाटांचा भरणा वर्षानुवर्षे ठीकठाक दिसत आला त्याचे रहस्य एवढेच.

पैशाची बाजू वेगळी. खोलीभाडे रात्री १२ नंतर आपोआप लागत असे, ज्या खाटेवर नाव असेल त्या खाटेचे. दोन खाटांवर नाव म्हणजे दोन भाडी. बिलिंगचा अनुभवी क्लार्क डोळ्यांनी शोधून ती काढत असे. तो रजेवर असला की राहून जात. दोन डीलक्स खोल्यांचे भाडे दिवसाला प्रत्येकी ५,२०० रुपये होते. १८ जुलै २०२२ पासून दिवसाला ५,००० रुपयांवरच्या खोलीभाड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, आयसीयू त्यातून वगळलेले. म्हणजे आयसीयूत असलेल्या रुग्णाच्या बिलात डीलक्सची एक चुकीची रात्र राहिली की २६० रुपये करासह ५,४६० रुपये जादा, आणि विमा कंपनीच्या हाती आयतीच हरकत.

फार्मसीतही तेच. इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, ज्या वॉर्डावर नाव त्या वॉर्डाला. औषधांची ट्रे जुन्या वॉर्डात, रुग्ण नव्या वॉर्डात. मग मावशी ट्रे घेऊन जिन्यावरून खालीवर.

## विचारात घेतलेले पर्याय

चार पर्याय मांडले गेले. पहिला: वहीच खरी मानायची आणि एका डेटा ऑपरेटरने दिवसातून तीनदा सॉफ्टवेअर जुळवून घ्यायचे. खर्च सर्वांत कमी, पण लॅबचा फोन पहाटे येतो. तीनदा जुळवण्याने तो चुकायचा थांबत नाही. दुसरा: नवे सॉफ्टवेअर, ज्यात रंगीत बेड बोर्ड असतो. प्रात्यक्षिक छान झाले. मेट्रनने एकच प्रश्न विचारला, रुग्ण आयसीयूत गेल्यावर जुनी खाट कोण सोडतो? उत्तर आले, तुम्ही ठरवाल तसे. म्हणजे न ठरवलेली गोष्ट नव्या पडद्यावरही न ठरवलेलीच राहिली असती. तिसरा: आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये मास्टर नव्याने मांडायचा आणि खाटेची स्थिती कोणत्या घटनेने, कोणाच्या नोंदीने बदलते हे लिहून ठरवायचे. चौथा: चोवीस तास बेड मॅनेजर नेमायचा.

तिसरा घेतला आणि चौथ्यातला अर्धा त्याला जोडला: कॅज्युअल्टी काउंटरशेजारी बेड डेस्क, तीन पाळ्यांत एकेक माणूस, आहे त्याच कर्मचाऱ्यांतून. पुरवठादाराकडून फक्त तीन बदल मागितले. डिस्चार्जचे टप्पे वेगळे करणे, शिफ्टला ‘पाठवले’ आणि ‘घेतले’ अशा दोन नोंदी करणे, आणि बाळाची नोंद आईला जोडणे.

## निर्णय पहिला: खाट रिकामी कधी झाली?

सर्वांत लांब चर्चा याच्यावर झाली. तीन उमेदवार घटना होत्या. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला ती वेळ, बिल पूर्ण झाले ती वेळ, किंवा रुग्ण खाटेवरून प्रत्यक्ष उठून गेला ती वेळ.

जुनी पद्धत बिलाची होती आणि अकाउंट्स विभाग ती सोडायला तयार नव्हता. खाट नावावर आहे तोवर रुग्ण ‘आपल्या ताब्यात’ आहे, अशी समजूत. हा युक्तिवाद फार टिकला नाही. बिल थकले म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही हे आहे. आणि सॉफ्टवेअरमधली खाट अडवल्याने कोणी थांबत नव्हतेच, सात जण तर घरी पोहोचले होते. अडत होता तो कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर असलेला पुढचा रुग्ण.

डॉक्टरांच्या लिहिण्याची वेळही नाकारली. सकाळी दहाला डिस्चार्ज लिहिलेला विम्याचा रुग्ण मंजुरी येईपर्यंत दुपारी दोनलाही खाटेवरच असतो. त्या खाटेला रिकामी म्हणणे म्हणजे दोन माणसे एका खाटेवर.

शेवटी ठरले: रुग्ण वॉर्डाच्या दाराबाहेर गेला की सिस्टरने ‘खाट सोडली’ दाबायचे. डिस्चार्जच्या तीन वेळा वेगवेगळ्या नोंदवायच्या: डॉक्टरांचा आदेश, खाट सोडली, बिल पूर्ण. क्रम कोणताही असू शकतो. खाट सोडली पण बिल बाकी असलेले रुग्ण अकाउंट्सच्या वेगळ्या यादीत दिसतात, गेट पास तिथून निघतो. खाटेची किल्ली अकाउंट्सच्या हातून गेली आणि त्यांना त्यांची यादी मिळाली.

याचा एक जोडफायदा. भारतीय विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती गेल्यापासून तीन तासांत यायला हवी आणि उशिरामुळे रुग्णालयाने लावलेला जादा खर्च विमा कंपनीने सोसायचा असतो. आदेशाची वेळ आणि खाट सोडल्याची वेळ वेगळी नोंदली नसेल तर आपला उशीर किती आणि त्यांचा किती हे दाखवायला हातात काहीच नसते. टीपीए डेस्कने (विम्याचे दावे पाहणाऱ्या कक्षाने) चौथी वेळ, विनंती पाठवल्याची, स्वतःहून मागून घेतली.

मृत्यूसाठीही हाच नियम: मृतदेह वॉर्डातून हलवेपर्यंत खाट भरलेली. न सांगता गेलेल्या रुग्णाची नोंद मात्र सिस्टरला बंद करता येत नाही. ती आरएमओकडे (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे) जाते, कारण प्रकरण वैद्यकीय-कायदेशीर असेल तर पोलिसांना कळवायचे असते.

## निर्णय दुसरा: शिफ्ट कोण करतो?

पूर्वी पाठवणारा वॉर्ड फोन करी आणि बिलिंग नोंद करी. आता पाठवणारा वॉर्ड विनंती टाकतो. खाट नंबर घेणारा वॉर्ड देतो. रुग्ण पोहोचल्यावर घेणारी सिस्टर ‘घेतले’ म्हणते, आणि त्याच क्षणी जुनी खाट ‘सफाई’त जाते. दुसऱ्या वॉर्डाच्या खाटेवर कोणालाही परस्पर रुग्ण टाकता येत नाही. मधल्या काळात रुग्ण ‘वाटेत’ दिसतो आणि लॅबच्या पडद्यावर दोन्ही वॉर्डांचे फोन येतात. ही दोन फोनांची सूचना लॅबच्याच तंत्रज्ञाची.

खासगी खोलीतला रुग्ण आयसीयूत गेला आणि नातेवाइकांना खोली ठेवायचीच असेल, तर लेखी संमती घेऊन ती खोली ‘राखीव’ होते. भाडे वेगळ्या शीर्षाखाली, विम्याच्या बिलाबाहेर. रुग्णसंख्येत तो एकदाच, आयसीयूत. जनरल आणि निमखासगीत खाट राखून ठेवायची सोयच बंद केली.

मागच्या वेळेची नोंद करायची मुभा द्यावी की नाही यावर मतभेद झाले. आयटीला ती पूर्ण बंद हवी होती. पण रात्री २४ रुग्णांमागे एक सिस्टर असते. ती आधी रुग्ण बघणार, मग पडदा. मुभा नसेल तर खोटी वेळ पडते, एवढेच. म्हणून सिस्टरला दोन तासांपर्यंत मागची वेळ टाकता येते, त्यापुढे मेट्रनच्या लॉगिनने आणि कारण लिहून.

## मास्टरची दुरुस्ती

नवा मास्टर लिहिण्याआधी छापील यादी घेऊन दोघांनी सगळे मजले फिरून पाहिले, एक आयटीचा आणि एक नर्सिंगची. यात जे सापडते ते कोणत्याही बैठकीत सापडत नाही. सर्जरीत ११ नंबरच्या दोन खाटा होत्या. पुरुष जनरलमध्ये १३ नंबरची खाटच नव्हती. कोणी त्या नंबरावर झोपायला तयार होत नाही म्हणून पाटीवर ‘१२ अ’ रंगवले होते. सॉफ्टवेअरमध्ये १३ होती, १२ अ नव्हती. नव्या मास्टरमध्ये १२ अ च ठेवली. पाटी आणि पडदा सारखे असणे महत्त्वाचे, आकड्यांची सलगता नव्हे.

जुन्या मास्टरचा मूळ दोष असा की खाटेच्या एकाच नावात जागा, विभाग आणि दर तिन्ही कोंबलेले होते: ‘सर्जरी जनरल ५’. तीन वर्षांपूर्वी सर्जरी वरच्या मजल्यावर गेली तेव्हा कोणीतरी वॉर्डाचे नाव बदलून टाकले. त्यामुळे जुन्या अहवालांत जुने मेडिसिनचे रुग्ण सर्जरीत उपचार घेताना दिसू लागले. नव्या रचनेत खाटेचा कोड फक्त जागा सांगतो: मजला, खोली, जागा. विभाग रुग्णाच्या डॉक्टरवरून येतो. दर वेगळ्या तक्त्यात, लागू झाल्याच्या तारखेसह. वॉर्डाचे नाव बदलायचे नाही आणि वॉर्ड पुसायचाही नाही. जुन्याला शेवटची तारीख द्यायची आणि नवा उघडायचा. आत रुग्ण असताना वॉर्ड बंद करू पाहिला तर प्रणाली अडवते.

खाटेचा वर्ग आणि बिलाचा वर्ग हीदेखील दोन वेगळी खाती केली. जनरल भरले म्हणून एखाद्याला रात्रीपुरते निमखासगीत टाकले तर खाट निमखासगी, बिल जनरल. आधी हे क्लार्कच्या लक्षात राहण्यावर होते.

धर्मादाय कोट्याच्या २४ खाटांवर ‘निर्धन’ आणि ‘दुर्बल’ असे शिक्के मारलेले होते, सगळे जनरलमध्ये. मग निर्धन रुग्ण आयसीयूत गेला की कोट्यातून गायब. आता ही खूण रुग्णावर असते, खाटेवर नाही. तो कुठेही असला तरी बारापैकी किती आणि बारापैकी किती हे बेड डेस्कच्या पडद्यावर दिसते.

निमखासगीच्या दोन खाटांच्या खोलीत स्त्री-पुरुषाचा नियम वॉर्डाला लावून चालत नाही. तो खोलीला लावला: पहिल्या खाटेवर स्त्री असेल तर दुसरी फक्त स्त्रीलाच मिळते, खोली पूर्ण रिकामी झाली की नियम सुटतो. बाळाचा पाळणा आईच्या खाटेखाली उपनोंद म्हणून, जुळी असल्यास दोन. पाळणे खाटांच्या १२० त धरले नाहीत. बाळ एनआयसीयूत गेले की तिथली खाट मात्र धरली जाते. डायलिसिस, रिकव्हरी, लेबर टेबल आणि कॅज्युअल्टी ‘जागा’ म्हणून राहिल्या, खाटा म्हणून नाहीत. एक्स्ट्रा चार ठेवल्या, पण त्या फक्त आरएमओ उघडतो, रुग्ण उठला की आपोआप मिटतात. भरण्याच्या भागाकारात त्यांच्यावरचा रुग्ण वरच्या आकड्यात धरला जातो, खाट खालच्या आकड्यात नाही. एखाद्या दिवशी भरणा १०० टक्क्यांवर जाईल, जाऊ द्यावा. गर्दी झाली हे कळण्यासाठीच तर आकडा असतो.

## अंमलबजावणी

आयटीने रविवारची पहाट दोनची वेळ सुचवली, गर्दी नसते म्हणून. मेट्रनने रविवारी दुपारी दोन मागितली. पाळी बदलताना तासभर दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर वॉर्डात असतात, आणि पहाटे दोनला प्रश्न विचारायला कोणी जागे नसते. खोलीभाडे मध्यरात्री लागत असल्याने दुपारी बदल केला तरी बिलाला धक्का नव्हता. दुपार ठरली.

त्या दिवशी ८८ रुग्ण आत होते. त्यांना जुन्या खाटेवरून नव्या कोडवर नेण्यासाठी ‘प्रशासकीय बदल’ असा वेगळा प्रकार केला, जो शिफ्टच्या आकड्यात येत नाही आणि भाडे, डाएट, इंडेंट काहीच हलवत नाही. दोन माणसे, एक वाचणार आणि एक दाबणार, वॉर्डागणिक. प्रत्येक वॉर्ड झाला की सिस्टरने पडदा हातात घेऊन खाटांपाशी नावे विचारून पाहायची. पावणेदोन तासांत झाले.

चुकले ते दोन ठिकाणी. न दिलेली ११ इंडेंट जुन्या वॉर्ड कोडवर अडकली, कारण जुना वॉर्ड बंद झाल्याने फार्मसीला ती देताही येईनात आणि रद्दही करता येईनात. पुरवठादाराला फोन करून जुने कोड तासभर उघडले, इंडेंट परत केली, नव्याने टाकली. आणि संध्याकाळची डाएट यादी दोनदा छापली गेली, एकदा जुन्या नावाने, एकदा नव्या. स्वयंपाकघरातल्या मावशींच्या लक्षात आले म्हणून डबे दुप्पट झाले नाहीत.

## मध्यरात्रीची मोजणी

सगळ्या नियमांना ताळ्यावर ठेवते ती एकच गोष्ट: रात्री बाराची मोजणी. सिस्टर पडद्यावरची यादी घेऊन खाटेपासून खाटेपर्यंत फिरते आणि प्रणाली हिशेब करते: कालचे शिल्लक, अधिक दाखल, अधिक आत आलेले, वजा बाहेर गेलेले, वजा डिस्चार्ज, वजा मृत्यू. जुळले की रात्री एकला नोंदींना कुलूप, आणि खोलीभाडे त्यानंतरच लागते. पूर्वी भाडे बाराला लागून मोजणी सकाळी होत होती. क्रम उलटा होता. त्याच दिवशी येऊन गेलेला रुग्ण मध्यरात्रीच्या यादीत नसतो, पण त्याचा एक रुग्णदिवस धरायचा असतो. तो वेगळ्या रकान्यात ठेवला, नाहीतर भरण्याचा आकडा नेहमी थोडा कमी येतो.

प्रणाली बंद पडल्यास कार्बन प्रतीचा कागदी बेड स्टेट प्रत्येक वॉर्डात आहे. वह्या बंद करण्याची सक्ती मुद्दाम केली नाही. काही महिन्यांत त्या आपोआप मागे पडल्या.

## निष्पत्ती

सहा आठवड्यांनी मध्यरात्रीचा नावानिशी फरक शून्य ते दोनवर आला, बहुतेक वेळा आयपीडी नंबर व्हायचा राहिलेला रुग्ण. दुहेरी खोलीभाडे थांबले. लॅबचे फोन चुकीच्या वॉर्डात जाण्याच्या तक्रारी बंद झाल्या.

डिस्चार्जची वेळ मात्र लवकरची झाली नाही. सकाळी अकराच्या आत खाटा मोकळ्या व्हाव्यात ही अपेक्षा होती, पण कन्सल्टंटांचा राउंड साडेदहाला सुरू होतो. सॉफ्टवेअर त्याला काय करणार? आदेश ते खाट सोडणे यातला वेळही विम्याच्या रुग्णांत फारसा घटला नाही. तो कुठे जातो हे आता दिसते, इतकेच.

एक नवी सवय मात्र उगवली. खाट ‘सफाई’त गेली की ती ‘रिकामी’ करायचे बटण सिस्टरच्या हातात. दुपारी चारला तीन डिस्चार्ज झाले आणि लगेच तीन अ‍ॅडमिशन येणार हे दिसले की सफाई सहा वाजेपर्यंत चालते. यात आळस नाही. एका माणसाने एकदम तीन नवे रुग्ण घेणे अवघडच आहे. आधी ताकीद देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. मग दोन गोष्टी केल्या. सफाई सुरू होऊन किती वेळ झाला ते बेड डेस्कला दिसू लागले (साध्या खाटेला ३० मिनिटे धरली, संसर्गाच्या रुग्णानंतर अधिक), आणि एका वॉर्डात अर्ध्या तासात एकापेक्षा जास्त नवा रुग्ण पाठवायचा नाही असा डेस्कला नियम घातला, आणीबाणी वगळून. दुसऱ्या गोष्टीने पहिलीपेक्षा जास्त काम केले.

## पुन्हा करायचे झाल्यास

मजले फिरून पाहणे पर्याय मांडण्याच्याही आधी व्हायला हवे होते. नव्या सॉफ्टवेअरच्या प्रात्यक्षिकांत गेलेला बराच वेळ त्याने वाचला असता. फार्मसी, डाएट आणि लॅब यांना आराखड्याच्या बैठकीत पहिल्यापासून बसवायला हवे होते. वॉर्डाचा कोड बदलला की सर्वांत आधी त्यांच्याकडे काहीतरी तुटते. बदलाच्या आदल्या रात्री प्रलंबित इंडेंट आणि न घेतलेले नमुने शून्यावर आणायचे, आणि जुने कोड निदान ४८ तास ‘नवे घेणार नाही, जुने मिटवता येईल’ अशा अवस्थेत ठेवायचे.

वॉर्डागणिक एकच लॉगिन सगळ्या सिस्टर वापरत होत्या, ते आधी सोडवायला हवे होते. ‘घेतले’ कोणी दाबले याला अर्थ उरतो तो लॉगिन ज्याचे त्याचे असेल तरच. टॅब्लेट दिल्या, पण लिफ्टच्या लॉबीत आणि आयसीयूच्या दाराशी वाय-फाय तुटते, आणि शिफ्टची नोंद नेमकी तिथेच करायची असते. रात्रीपुरता मार्ग म्हणून सिस्टर बेड डेस्कला फोन करते आणि डेस्क तिच्या वतीने ‘घेतले’ नोंदवतो. अशा नोंदीत फोन करणाऱ्या सिस्टरचा कर्मचारी क्रमांक टाकणे आता सक्तीचे आहे, आणि सकाळी सातला इन्चार्ज सिस्टर रात्रीच्या फोनवरच्या नोंदी खाटांशी ताडून पाहते. दोन नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बसेपर्यंत हेच चालू ठेवायचे ठरले आहे.